प्रगती असमाधानकारक

मुलांच्या लाळेची, शेंबडाची, बोलता बोलता उडणाऱ्या थुंकीची बाईंना कधीच किळस वाटली नव्हती. कर्णबधिर मुलांच्या शाळेत बोलणं शिकवणाऱ्या माणसाला ती वाटून चालतच नाही. ‘प’ म्हणजे काय हे ज्या पोराला ऐकूच येत नाही, त्याच्या तळहातावर आपण फुंकर घालायची, मग त्याची फुंकर आपल्या तळहातावर घ्यायची; आणि सुरुवातीच्या फुंकरांत हवा कमी, लाळच जास्त. बाई रुमालाला हात पुसायच्या आणि म्हणायच्या, “छान! आता पुन्हा.” अर्धं आयुष्य त्यांनी असंच काढलं. शिसारी कशाला म्हणतात ते त्यांना पहिल्यांदा कळलं विद्यापीठात, आणि तेही एका पेनामुळे.

पेन होतं त्यांच्या मार्गदर्शकांचं. भाषाशास्त्रातले मोठे प्राध्यापक. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. समोरचा बोलत असला की सर पेनाचं टोपण कानात घालून सावकाश फिरवायचे. मग टोपण बाहेर काढून खिडकीच्या उजेडाकडे धरायचे, काय निघालं ते निरखून पाहायचे, खुर्चीच्या हाताला पुसायचे, टोपण पेनाला बसवायचे आणि तेच पेन पुढे करायचे. “हं, करा सही.”

“माझं पेन आहे, सर.”

“अहो घ्या हो, पेनात काय एवढं!”

बाईंनी घेतलं. पीएच.डी.च्या वाटेवरची ती त्यांची पहिली सही. घरी जाऊन त्यांनी हात साबणाने धुतले, आणि जेवायला बसण्याआधी उठून पुन्हा धुतले.

खरं म्हणजे बाईंना डॉक्टर होण्याची हौस नव्हती. शाळेच्या वाचाविभागाची प्रमुख निवृत्त व्हायला आली होती आणि तिच्या जागी बाई बसणार, हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं. पण वरून फर्मान आलं, की यापुढे विभागप्रमुख डॉक्टरेटवालाच हवा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुम्ही करून टाका ना. मुलांबद्दल तुम्हाला जेवढं कळतं, तेवढं नुसतं लिहून काढलंत तरी झालं.” मुख्याध्यापिकांनी स्वतः कधी पीएच.डी. केली नव्हती, म्हणूनच त्या ‘नुसतं’ म्हणू शकल्या.

आणि मुलांबद्दल बाईंना कळायचं ते पुस्तकातून आलेलं नव्हतं. त्यांचा थोरला भाऊ, दादा, तान्हेपणीच्या तापात ऐकणं गमावून बसला होता. आईचा घरात एकच कडक कायदा होता. बोलायचं तर दादाच्या तोंडाकडे तोंड करून बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. लहानपणी बाई कानात कापसाचे बोळे कोंबून जेवायला बसायच्या, दादाला जग कसं दिसतं ते बघायला. तो खेळ खेळता खेळता त्या ओठ वाचायला शिकल्या. दादा पुढे लाकडी सामानाला पॉलिश करायच्या धंद्यात पडला, लग्न काही केलं नाही, बाईंच्याच घरी मागच्या खोलीत राहायचा. बाईंच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. एक मुलगी होती, ती कॉलेजात. असं चौघांचं घर.

प्रवेश परीक्षा बाईंनी एका झटक्यात काढली. मग मुलाखत. मुलाखतीत संशोधनाबद्दल एक प्रश्न आला आणि घराबद्दल चार.

“घरी कोण कोण असतं?” अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या भाषाशास्त्र विभागाच्या प्रमुख. पुढे बाईंच्या प्रगती समितीच्या अध्यक्षही त्याच झाल्या.

“नवरा, मुलगी आणि भाऊ.”

“मग स्वयंपाक?”

“तोही असतो,” बाई म्हणाल्या.

सर मोठ्याने हसले. “मला द्या या बाई. विनोदी दिसतात,” असं म्हणाले आणि बाई त्यांच्या पदरात पडल्या. विद्यार्थ्याने मार्गदर्शक निवडायचा, असं नियमात छापलेलं होतं. छापलेलंच होतं.

विषय बाईंच्या मनातला मिळाला, कमी ऐकू येणाऱ्या मुलांचं घरातलं बोलणं. शाळेत मूल बाईंसमोर घोकलेलं बोलतं. घरी आईजवळ, भूक लागली असताना, रुसून, भांडून ते काय बोलतं, हे कुणी नीट ऐकलेलंच नव्हतं. बाई शाळा सुटल्यावर मुलांच्या घरी जायच्या. कुठे जिन्याखालची खोली, कुठे शिंप्याच्या दुकानामागचा पोटमाळा, कुठे एकाच दिवाणखान्यात तीन पिढ्या. रेकॉर्डर कपाटावर ठेवायचा आणि गप्पा मारायच्या. पहिले काही दिवस माणसं जपून बोलायची, मग विसरून जायची. विसरली की खरं बोलणं सुरू. त्यात मुलाचं ‘आई पाणी’ यायचं, आणि बापाचं ‘गप्प बस रे मुक्या’ पण यायचं. एका आईने मुलाला कुशीत घेऊन, त्याला ऐकू येत नाही हे जाणूनच, आपल्या मरणाचं सगळं बोलून टाकलं होतं, मी गेल्यावर तुझं कोण करेल रे, म्हणून. बाई ते ऐकून रडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी तिला विचारलं, “हे पुसून टाकू का?” ती म्हणाली, “राहू दे. पण तुमच्या कानापलीकडे जायला नको.”

“नाही जाणार,” बाई म्हणाल्या. शब्द दिला. संमतीपत्र तर होतंच. विद्यापीठाचाच नियम होता तो, आवाज दुसऱ्या कुणाला देणार नाही असं आईबापांना लिहून द्यायचं. त्यावर खाली सरांची सही होती.

दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. तो मार्गदर्शकाच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. मग समितीसमोर उभं राहून काय केलं ते सांगायचं, आणि समितीने शेरा मारायचा, ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’. लागोपाठ दोनदा असमाधानकारक, की नोंदणी रद्द. नियम कागदावर वाचला तर चांगलाच आहे. पण सही ज्याच्या हातात, दोरी त्याच्या हातात. आणि सरांना दोरी ओढायचं फार वेड. सही हवी त्या आठवड्यात सरांची कामं निघायची. बाईंच्या वाट्याला सरांच्या बायकोला दाताच्या डॉक्टरकडे नेणं आलं होतं. तिथे बाहेर बसून बाई दुसऱ्याच्या दाढेची वाट बघायच्या आणि आपला अहवाल मनात घोळवायच्या. एक तरुण संशोधक होता, तो सरांच्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायचा. त्याला सगळे ‘साखळी’ म्हणत. त्याच्या प्रबंधाचं एक प्रकरण दीड वर्षं सरांच्या टेबलावर होतं. त्यावर चहाच्या कपाची गोल गोल वर्तुळं उमटली होती.

“तू मार्गदर्शक बदलून का घेत नाहीस?” बाईंनी त्याला एकदा विचारलं.

“ताई, त्याला आताच्या मार्गदर्शकाचं ना-हरकत पत्र लागतं.”

“आणि त्यांनी नाही दिलं तर?”

“मग एकच कलम उरतं. मार्गदर्शक वारले, तर आपोआप बदलतात.” साखळी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “म्हणून तर मी रोज सकाळी सरांच्या तब्येतीची चौकशी करतो. लोकांना वाटतं, काय माया आहे पोराची!”

बाई हसल्या, आणि हसून झाल्यावर त्यांना स्वतःचाच वीट आला. एका माणसाच्या मरणावर आपण हसतोय, आणि खोटं कशाला बोला, थोडी आशाही धरतोय. माणसाला हे इतकं खाली आणून ठेवतं, आणि वर त्याला विद्या म्हणायचं.

तरीही काम होत होतं. आठ अहवाल समाधानकारक गेले. मग सरांच्या मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आल्या. त्यांनाही डॉक्टर व्हायचं होतं. नातेवाईकाला मार्गदर्शन करता येत नाही, असा नियम आहे. तो सरांनी काटेकोर पाळला. सूनबाईंची नोंदणी अध्यक्षबाईंकडे झाली, आणि अध्यक्षबाईंच्या भाच्याची सरांकडे. सूनबाईंनी विषय मात्र बाईंच्याच विषयाच्या कुशीतला निवडला.

सरांनी बाईंना बोलावलं. आज चहा मागवला होता, तेव्हाच बाईंना कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

“बाई, तुमची ती रेकॉर्डिंग जरा सूनबाईंना द्या.”

“कशाला, सर?”

“कशाला म्हणजे? तिचाही विषय तोच आहे जवळपास. तिला कुठे घरोघरी फिरवू? नाजूक आहे हो ती.”

“पण आयांना मी शब्द दिलाय. संमतीपत्रात लिहून दिलंय. तुमची सही आहे त्याच्यावर.”

“अहो,” सर समजुतीच्या सुरात म्हणाले, जसं काही बाईच कमी ऐकणाऱ्या, “संमतीपत्र हे नियमासाठी असतं.”

“मग नियम कशासाठी असतो?”

सरांनी टोपण कानात घातलं. बराच वेळ फिरवलं. “विचार करा,” म्हणाले. “तुमचा प्रबंध संपत आलाय. किनाऱ्याला लागलेली होडी कुणी स्वतः फोडतं का?”

बाईंनी विचार केला आणि रेकॉर्डिंग दिली नाहीत. पुढच्या अहवालावर शेरा आला: असमाधानकारक. कारण, कामात खोली नाही.

“कुठे नाही, सर? कुठलं प्रकरण?”

“खोली म्हणजे... खोली हो. ती एकूणच असते किंवा नसते.”

सहा महिने बाई राबल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसं चाललं होतं. शाळा, घर, आणि उरलेल्या वेळात ती खोली शोधणं. नवरा दुकान बंद करून आला, की त्यांच्या शेजारी बसून तक्ते तपासायचा. मुलगी टंकून द्यायची. दादा काही बोलायचा नाही, पण बाईंच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता तो त्याने न सांगता नीट करून दिला.

दुसऱ्या समितीचा दिवस आला. बैठक विभागाच्या नव्या खोलीत होती. कुणीतरी सुधारणा म्हणून तिची बाहेरची भिंत पाडून पूर्ण काच बसवली होती. पारदर्शक कारभार म्हणायचे त्याला. बाईंचं सांगून झालं. अध्यक्षबाई म्हणाल्या, “जरा बाहेर थांबा. आम्ही चर्चा करतो.” बाई समोरच्या बाकावर बसल्या. आत तिघं होते: सर, अध्यक्षबाई आणि बाहेरच्या महाविद्यालयातले एक म्हातारे सदस्य, जे प्रत्येक बैठकीत डुलकी काढायचे आणि म्हणून डुलकीसाहेब म्हणून ओळखले जायचे.

बाईंना काही चोरून बघायचं नव्हतं. पण ज्याला ऐकू येतं त्याला जसे कान मिटून घेता येत नाहीत, तसं बाईंना समोर हलणारे ओठ न वाचता राहता येत नव्हतं. आणि काच स्वच्छ पुसलेली होती.

“बाई मंद आहे,” सर म्हणाले, “पण हट्टी.”

“रद्द केली तर बोंब मारेल,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“कुणाकडे मारेल? बहिऱ्याची बहीण, बहिऱ्यांची बाई. ऐकणारं आहे कोण तिचं?”

तिघंही हसले. डुलकीसाहेब एवढ्यासाठी जागे होऊन हसले. मग अध्यक्षबाईंनी डोळ्यांच्या कडा रुमालाने टिपल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या सूनबाईंना ते आवाज मिळेपर्यंत लटकत राहू द्या. मिळाले की समाधानकारक लिहू.” डुलकीसाहेबांनी विचारलं, “चहा येणार आहे ना?”

बाईंना नासक्या दुधाचा घोट चुकून तोंडात जावा आणि गिळताही येऊ नये, थुंकताही येऊ नये, तसं झालं. पाच वर्षं या माणसांसमोर आपण ‘हो सर, हो बाई’ करत उभ्या राहिलो, यांच्याकडून शाबासकी मिळावी म्हणून नवी साडी नेसून आलो. त्या साडीचीसुद्धा बाईंना किळस वाटली.

दार उघडलं. “या, या,” अध्यक्षबाई तोंडभर हसून म्हणाल्या, “तुमचं काम चांगलंच आहे हो. आमची काहीच तक्रार नाही. फक्त अजून थोडी—”

“खोली,” सर म्हणाले.

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. वर्गात मुलांशी बोलतात तशा, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “‘बहिऱ्याची बहीण, बहिऱ्यांची बाई. ऐकणारं आहे कोण तिचं?’ हे सर म्हणाले. ‘आवाज मिळेपर्यंत लटकत राहू द्या,’ हे तुम्ही म्हणालात. आणि साहेब, तुमचा चहा अजून आलेला नाही.”

अध्यक्षबाईंनी आधी दाराकडे पाहिलं.

“तुम्ही दाराला कान लावला होता?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“दार बंद होतं. कान लावायची गरज पडली नाही. तुमचे उच्चार फार स्वच्छ आहेत.”

बाईंना वाटलं होतं, आता तरी कुणाची मान खाली जाईल. कुणाचीही गेली नाही. अध्यक्षबाई कागद सारखे करायला लागल्या. डुलकीसाहेब छताकडे बघत राहिले. सर एवढंच म्हणाले, “बघा, हे असं वागणं. हे संशोधकाचं लक्षण आहे का?” आणि सवयीने टोपण कानाकडे नेलं. अब्रू गेल्याचं दुःख व्हायला मुळात ती शिल्लक असावी लागते, हे बाई तेव्हा शिकल्या.

शेरा आला, असमाधानकारक. नोंदणी रद्द केल्याची सूचना आली. बाईंनी तक्रार केली. तक्रार समितीपुढे सुनावणी झाली, तोवर विद्यापीठाने एक कारवाई मात्र तातडीने करून टाकली होती. काचेच्या खोलीला जाड, तपकिरी पडदे लावले होते.

सुनावणीत सर शांत होते. “प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात,” त्यांनी समितीला समजावून सांगितलं. “हे शास्त्र आहे. बाईंनाही ते माहीत आहे. विचारा त्यांना.”

“हो,” बाई म्हणाल्या, “सारखे दिसतात.”

“मी ‘बाई मंद आहे’ असं म्हणालोच नाही. मी अध्यक्षबाईंना म्हणालो, ‘बाई, बंद आहे.’ पंखा बंद होता.”

समितीतल्या एकाने ते लिहून घेतलं. बाई त्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत राहिल्या. या माणसाने जन्मभर आवाजाचं शास्त्र शिकवलं. ते अखेर त्याने कुठे वापरलं, तर पंख्याआड लपायला.

“आणि बहिऱ्याची बहीण?” बाईंनी विचारलं. “तो कोणता पंखा?”

“बाई, भाषा जपून वापरा,” समिती म्हणाली.

निकाल लागला. ओठ वाचणं हा पुरावा होऊ शकत नाही. तथापि मानवतेच्या दृष्टीने बाईंची नोंदणी पुन्हा चालू करण्यात येत आहे, दोन अटींवर. एक, समितीची गोपनीय चर्चा पाहिल्याबद्दल लेखी माफी. दोन, नोंदणीच्या काळात जमवलेली सामग्री नियमाप्रमाणे विद्यापीठाची असते, म्हणून सगळी रेकॉर्डिंग विभागात जमा करायची.

घरी बाईंनी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने निकालाचा कागद पूर्ण वाचला. मग म्हणाला, “करून टाक सही. मी रोज कडू गोळ्या विकतो. लोक नाक दाबून घेतातच की.”

“अहो, ते बरं व्हायला घेतात. ही घेतली तर मी आजारी पडेन.”

“अगं, पण पाच वर्षं!”

“म्हणून तर.”

दादा समोर बसून दोघांचे ओठ बघत होता. बोटांना पॉलिशचा तांबूस रंग. त्याचं बोलणं जड, घरच्यांनाच कळणारं. “माझ्याबद्दल काय म्हणाले ते?” त्याने विचारलं.

नवऱ्याने बाईंना डोळ्याने खुणावलं, नको म्हणून. पण दादाशी या घरात कुणी कधी खोटं बोललं नव्हतं. त्याच्यापासून ओठ लपवायचे नाहीत, हा आईचा कायदा. बाईंनी शब्दाला शब्द सांगितलं.

दादा हसला. त्याचं हसणं मोठं, ओबडधोबड, शेजारी ऐकू जाणारं. “बहिरा तर आहेच मी,” तो म्हणाला. “त्यात काय शिवी!” मग हसायचा थांबला. “पण पोरांचे आवाज देऊ नकोस. आपला आवाज कसा येतो ते आम्हाला माहीत नसतं. बाकीच्यांना माहीत असतं. तो त्या लोकांच्या हातात... नको.”

नवऱ्याने उठून बाईंची रेकॉर्डिंगची पिशवी आणून दिली.

पुढचे दोन-तीन आठवडे बाई शाळा सुटली की पुन्हा त्याच घरांच्या पायऱ्या चढल्या. प्रत्येक घरी त्या घरचा आवाज पेनड्राइव्हवर उतरवून परत दिला. “हा तुमचा. माझ्याजवळ आता ठेवत नाही.” कुणी कपाटात ठेवला, कुणी विचारलं की यावर आमचा मुलगा लहानपणचा बोलतो का, आणि तिथेच बसून ऐकला. शिंप्याच्या दुकानामागची आई म्हणाली, “देऊन टाकायचा होतात की बाई. तुमची पदवी अडली. आमचं काय जातंय!”

“तुम्हाला द्यायचा तर तुम्ही जाऊन द्या, मी पत्ता देते,” बाई म्हणाल्या. “मी नाही देणार.” तिने पत्ता घेतला नाही.

आपल्याकडचं सगळं पुसून टाकलं त्या दिवशी बाईंना मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. पाच वर्षांची मेहनत आपल्याच बोटाने पुसावी लागते आणि ज्यांच्यामुळे लागते ते आरामात चहा पितात, याने त्यांना खरोखरची ओकारी झाली. मोरीत वाकून उभ्या होत्या, तेव्हा मुलगी पाठीवरून हात फिरवत होती. “आई, डॉक्टरकडे जायचं?” तिने विचारलं, आणि नको तो शब्द निघाला म्हणून दोघींनाही हसू फुटलं.

मग बाई नोंदणी मागे घ्यायला विद्यापीठात गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला. “कारण लिहा. कौटुंबिक लिहा, सगळे तेच लिहितात.”

बाईंनी लिहिलं, ‘किळस.’

कारकून चष्मा वर करून म्हणाला, “हे कारण चालत नाही, बाई.”

“खरं आहे ते.”

“खरं असेल हो. पण संगणकात येत नाही.” त्याने थोडा विचार करून ‘इतर’वर टिचकी मारली. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, “माझा मेहुणाही त्याच सरांकडे होता,” आणि पुढच्याला हाक मारली.

रेकॉर्डिंग मागणारं पत्र एकदा आलं. बाईंनी कळवलं, माझ्याकडे काही नाही. पुन्हा कुणी विचारलं नाही. सूनबाई यथावकाश डॉक्टर झाल्या. त्यांनी आवाज कुठून आणले कुणास ठाऊक. चांगलं ऐकू येणाऱ्या पोरांना तोंडात काहीतरी धरून बोलायला लावलं होतं, असं साखळी सांगायचा. खरंखोटं तोच जाणे. तो स्वतः शेवटी कंटाळून एका जाहिरात कंपनीत गेला. सर निवृत्त झाले, त्यांच्या सत्काराचं निमंत्रण बाईंनाही आलं होतं. शाळेत विभागप्रमुख म्हणून बाहेरून एक डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता, पण मुलाच्या लाळेचा थेंब उडाला की दोन पावलं मागे सरकायचा. मुलांना ते लगेच कळायचं आणि ती मुद्दाम जवळ जाऊन ‘प’ म्हणायची. बाई त्यांना रागवायच्या, फारशा नाही.

काही वर्षांनी शाळेत एक नवी शिक्षिका लागली. हुशार, मुलांची लाडकी, पण दरवर्षी नव्याने नेमणूक व्हायची बिचारीची. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती बाईंजवळ आली.

“ताई, मी पीएच.डी.ला अर्ज करतेय. त्याशिवाय मला इथे कायम करत नाहीत. मार्गदर्शकही ठरल्यात.” आणि तिने सूनबाईंचं नाव घेतलं.

बाईंनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पेनापासून पडद्यापर्यंत, काही न वगळता. त्या तरुण शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. “किती घाण माणसं,” ती म्हणाली, मनापासून म्हणाली. नाक पुसलं. मग हळूच विचारलं, “पण ताई, प्रवेश परीक्षेत विचारतात काय?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्यावर रागवावं असं काही सापडेना. तिचं घर भाड्याचं, आई अंथरुणाला खिळलेली, नोकरीचा कागद दरवर्षी नवा. दगडावर डोकं आपटू नकोस हे सांगणं सोपं असतं. दगड वाटेच्या मधोमध कुणी ठेवला, हे विचारायला कुणी जात नाही, आणि बाई स्वतः गेल्या होत्या तेव्हा काय झालं?

“इथल्या एकाही पोराचा आवाज तिकडे जाणार नाही,” बाई म्हणाल्या. “हे कबूल असेल तर शिकवते.”

“कबूल, ताई. शपथ.”

“शपथ नको. मी बघत राहीन.”

बाईंनी उच्चार शिकवायच्या आरशासमोरचा पसारा बाजूला सारला, खुर्ची ओढली आणि संशोधन म्हणजे काय, याची विद्यापीठाला पटणारी व्याख्या सांगायला सुरुवात केली. मुलगी भराभर लिहून घेत होती. सांगता सांगता बाईंचं तोंड कडू झालं. त्या उठल्या, पाणी प्यायल्या, आणि परत येऊन दुसरी व्याख्या सांगितली.